गोळ्यांची डबी आणि अंबाड्यातला आकडा

धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझे नुसते बोलतात, ऐकत नाहीत. अक्षर लागलं नाही तरी हे शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, गोष्ट लाजेची आहे.

आपली नात पदवीनंतरचं शिकते, तिथे चौघांनी मिळून एक नवी वस्तू घडवायची असते. या चौघांनी घेतली म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची डबी. पुठ्ठ्याचा नमुना करायचा, म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्यायचा, अडेल ते बदलायचं, की पुन्हा नमुना. ते म्हातारं माणूस म्हणजे मी! (माझी शाळा चौथीत सुटली, आणि कॉलेजातली पोरं माझं बोलणं वहीत उतरवून घेतात! आकाश ठेंगणं झालं बघ.) दर रविवारी चौघं यायची, डबी द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. जागून डोळे तारवटलेले, बोटांना डिंक. झाकण उघडत नाही असं कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हणायचे, "छान आहे हो!" नात उघडून दाखव म्हणाली, की मी चहा टाकायला उठायचे. पोरं गेली की अंबाड्यातला आकडा काढून झाकण उचकटायचे. सात डब्या झाल्या, साती छान.

परवा परीक्षेला मला सगळ्यांपुढे खुर्चीवर बसवलं. (नवं लुगडं नेसले होते.) त्यांच्या बाई म्हणाल्या, "आजी, उघडा बघू." दाबलं, ओढलं, फिरवलं. शेवटी सवयीनं हात अंबाड्यात गेला आणि टक्कन उघडली! मला वाटलं, जिंकले. बाईंनी विचारलं, "आकडा कधीपासून वापरता?" "पहिल्या डबीपासून!" मी फुशारकीनं सांगितलं. चौघांची तोंडं उतरली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नात एवढंच म्हणाली, "आजी, मला तरी सांगायचंस." ओरडली असती तर परवडलं असतं गं. अजून तिच्याकडे बघवत नाही.

बाईंनी पंधरा दिवस वाढवून दिलेत, तेवढ्यात डबी सुधारली नाही तर चौघंही नापास.

तुझी थोरली

ता. क. पोरांना आता दुसरी म्हातारी हवी आहे, तोंडावर खोट काढणारी. ऑपरेशनच्या टेबलावरून उठल्या उठल्या डॉक्टरला "टाके वाकडे घातलेत" म्हणणारी मला एकच ठाऊक आहे. पत्र मिळताच निघ.

आणखी एक. मी खरं बोलायचा सराव करते आहे, तो तुझ्यापासूनच सुरू करते. तू विणलेला स्वेटर छान आहे असं मी कळवलं होतं. त्यातून माझं डोकं एकदाही गेलेलं नाही. तरी ये.