सगळ्यात कमकुवत विजेते

१४ जानेवारी, मंगळवार

रेडिओवरच्या त्या रिक बोडीनने नवं खूळ काढलंय. अमेरिकन फुटबॉलच्या आजवरच्या विजेत्यांत सगळ्यात भिकार संघ कोणता? अंतिम सामना होईपर्यंत रोज सकाळी वाद घालायचा आणि लोकांनी मतं द्यायची. त्यात आमचाही संघ आहे. असणारच!

ओपल म्हणाली, "बंद करू?" म्हटलं, राहू दे. राग येईल म्हणून वाट पाहत बसलो. नाही आला. बोटं बधिर झाली त्याला बरेच दिवस झाले. आताशा आतही तसंच. बायको समोर बसलेली असते, दिसते, पण पोचत नाही.

१५ जानेवारी

बर्फ. डोकं दुखलं. बाकी काही नाही.

१७ जानेवारी

सायलसचा फोन. आमचा क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकायचा आणि त्याच्या अंगावर येणाऱ्यांना मी छातीवर घ्यायचो. सहा वर्षं एवढंच केलं.

"ऐकतोयस ना लेका? हा पोरगा आपल्याला भिकार म्हणतोय! तेव्हा जन्मला तरी होता का?" मग आम्ही जिंकलेल्या अंतिम सामन्याची एकेक चाल सांगत सुटला. कोण कुठे उभा, कोण घसरला, वारा कुठून. चाळीस वर्षांनी! मी परवा शेगडी चालू ठेवून बाहेर निघून गेलो होतो. ओपलने लगेच मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली.

सायलसला म्हटलं, "तुझं डोकं शाबूत आहे, बरं वाटतं." तो म्हणाला, "माझं डोकं वाचलं, कारण पुढे तुझं होतं!" आणि खदखदून हसला.

२२ जानेवारी

नाक्यावरच्या खाणावळीत अंडी खात होतो. शेजारच्या बाकावर दोघांची जुंपलेली. मला ओळखलं नाही त्यांनी.

एक म्हणे, न्यूयॉर्कचा २०११ चा संघ, सोळातले सात सामने हरून विजेते! दुसरा म्हणे, जुना बाल्टिमोर घे, अंतिम सामन्यात चेंडू सांडत सुटले आणि तरी जिंकले. मग गाडी आमच्यावर आली. "समोरच्यांचा तो शेवटचा फटका खांबाला लागला नसता तर हरले होते की! विजेत्याची अंगठी त्या खांबालाच घालायला हवी होती!"

सगळी खाणावळ हसली. मीही हसलो. जरा उशिरा, बाकीचे हसत होते म्हणून. माझी अंगठी आता बोटात जातही नाही.

२९ जानेवारी

डॉक्टर. हातोडीने गुडघे ठोकले, शब्द दिले, उलटे म्हणायला लावले. म्हणाले, मानेतल्या नसा दबल्या आहेत. डोक्याचं आज नक्की सांगता येत नाही, लक्ष ठेवू.

गाडीत ओपल रडली. मी काचेवरचं पाणी बघत होतो. तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा, हे कळत होतं. ठेवला नाही.

३ फेब्रुवारी

बोडीनच्या माणसाचा फोन. दोघं या, संघाची बाजू मांडा. मला नको होतं. सायलस पेटलेला. "तू नुसता बस. बोलायचं मी बघतो. पूर्वी तरी तू कुठे बोलायचास?"

५ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन आलो. ओपलने गाडी चालवली.

बोडीन गोड बोलून खोचक विचारतो. "सायलस सर, खरं सांगा. त्या वर्षी तुमच्यापेक्षा चांगले संघ किती होते?"

सायलस म्हणाला, "सहा. सात म्हण हवं तर."

बोडीन गडबडला. "म्हणजे तुम्ही कमकुवत होतात?"

"होतोच! माझा खांदा निखळलेला. हा हार्लन एका पायावर उभा. अरे बाबा, बलवान संघ जिंकला तर त्यात नवल काय? त्याने जिंकायचंच असतं. आम्ही दुबळे होतो आणि जिंकलो. ते कोण काढून घेणार? लोकहो, मत आम्हालाच द्या. पहिलं मत माझं!"

मग बोडीनने मला विचारलं, "आणि तुम्ही?"

म्हटलं, "खांबाचे आभार." काचेपलीकडची माणसंसुद्धा हसली.

परतताना सायलस गाडीत मोठ्याने गात होता. उतरताना पाठीत थाप घातली त्याने. लागली! बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागलं.

६ फेब्रुवारी

निकाल. सगळ्यात कमकुवत विजेते: आम्ही. शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं! ओपलने मक्याचा पाव भाजला. मी दोनदा मागून घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच सायलसचा फोन. तापलेला. "हार्लन, रेडिओवरचा तो पोरगा आपल्याला भिकार म्हणतोय! जाऊन सांगायला हवं त्याला!" मागून त्याच्या बायकोचा, रेनाटाचा आवाज, दबलेला: "अरे, परवाच जाऊन आलास ना..."

मी म्हटलं, "जाऊ या. काय बोलशील? मला म्हणून दाखव."

"सांगेन की आपण... आपण ना..." अडकला.

मग मीच सांगितलं. बलवानाने जिंकायचंच असतं. आम्ही दुबळे होतो आणि जिंकलो. सगळं, शेवटपर्यंत. माझा आवाज फाटला.

"वा, लेका!" सायलस म्हणाला. "हे कधी सुचलं तुला?"

म्हटलं, आत्ताच.