काठी खाली न्हाय

मकाव, १५ नोव्हेंबर

आबांना सुकन्याचा नमस्कार. दोन महिने पत्र नाही, चुकलंच.

मी बरी आहे. इथे शहराच्या रस्त्यांवरच मोटारींची शर्यत होते. धोका दिसला की मी वळणावर पिवळा झेंडा हलवते. आज रस्त्यावर पडलेला पत्रा उचलायला माझा सहकारी धावला. तो परतेपर्यंत मी झेंडा खाली घेतला नाही. त्यामुळे सगळ्यांत पुढे असलेली गाडी मंदावली आणि हरली.

त्या गाडीच्या संघाचा मॅनेजर म्हणतो, "चूक लिहून द्या, नाहीतर उद्या येऊ नका."

माझं चुकलं का, स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. लिहून दिलं नाही. मैंदर्गीचा रस्ता आपली मेंढरं ओलांडायची, ट्रकवाले शिव्या द्यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "शेवटचं कोकरू पल्याड गेल्याबिगर काठी खाली न्हाय."

गुडघा कसा आहे? आईला यातलं सांगू नका.

उद्याचं काम: सहाला त्याच वळणावर उभं राहणं.