बाबाइनं बोकडावर दाखवलं

आई, पाया पडतो.

तू गेल्यावर तुले कधी काही लिहिलं नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हा तूच म्हणाली होती, "बरं झालं, पेन तरी वाचला!" पण कालपासून पोटात एक गोष्ट उड्या मारून राहिली, आणि ती तुलेच सांगायची आहे. तुह्यामुळंच झाली ना!

मी सध्या हैदराबादले आहो. टाइल बसवायचं काम. नागपूर सोडलं, पुणं सोडलं, इथंही मन लागून नाही राहिलं, ते जाऊ दे. काल जेवणाच्या सुट्टीत बाबाइचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करतात का? मी घाबरलोच.

"बरं नाही वाटून राहिलं, बापू. सुजलं."

"कुठं?"

"तिकडं."

"तिकडं म्हणजे? गुडघा?"

"वर ये."

"पोट?"

"अबे, खाली जा ना!"

"मांडी? डावी का उजवी?"

"मधात."

आता सांग! समजलं मले, पण बापाजवळ बोलायले शब्द कोणता? आपल्या घरी नाक होतं, कान होते, पोट होतं. पोटाच्या खालून एकदम गुडघाच लागे. मधातल्या मुलखाचं नाव कोणी घेतच नव्हतं. मले त्या जागेचे शब्द येतात, पण एक बोकडाचा आहे आणि बाकीचे शिव्यातले. दवाखान्याच्या भिंतीवर एक लिहिलेला आहे, तो तर मंत्रासारखा वाटते.

आणि तुहा तो नियम! दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये, लागते, असं सगळ्याच बाया म्हणतात. तू एक पाऊल पुढं. स्वतःचं दुखणंही स्वतःच्या अंगावर दाखवत नव्हती. शेजारच्या काकूचं ऑपरेशन तू मले कोहळ्यावर दाखवलं, "इथून चिरलं, इथवर." मग त्याच कोहळ्याची भाजी केली! मी उपाशी झोपलो, आठवते?

आणि मोटरसायकलवर येणारे ते डॉक्टर? तुले कुठं दुखते म्हणून त्याइनं विचारलं, तर तू बाबाइच्या कंबरेवर बोट ठेवलं. "इथं, साहेब. झोप म्हणून नाही." डॉक्टरनं बाबाइलेच पालथं पाडून सुई दिली. ते गेल्यावर तू भडकली, "अजी, बोलले काहून नाही?" बाबा कंबर चोळत म्हणाले, "तू इतकं खरं सांगून राहिली होती, मले वाटलं मलेच दुखते."

किती हसलो होतो ना आपण!

पण शेवटीही तू तेच केलं. काखेत पुटकुळी आहे, काखेत पुटकुळी आहे. हळद लावत राहिली. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. "इतके दिवस काहून नाही सांगितलं?" असं तिनं विचारलं, तर तू म्हणाली, "सांगू कसं, बाई?" मले राग येते तुहा. अजून येते.

म्हणून काल मी बाबाइले सोडलं नाही. म्हटलं, व्हिडिओ कॉल लावा आणि दाखवा. बाबा अंगणातून गोठ्यात गेले. फोन एका हातात, दुसऱ्या हातानं आपल्या बोकडाची शेपटी वर केली.

"हे पाह्य. असं. पन माह्यं याच्याहून मोठं."

बोकड लाथा झाडून राहिला. माह्या मागं सारे कामवाले डबे घेऊन उभे. बिहारचा मिस्त्री म्हणते, "बकरा बढ़िया है भाई, बेचना है क्या?"

मग मी ओरडलोच. "बाबा, आंड सुजले का?"

साऱ्या मजल्यानं वळून पाहिलं. मिस्त्रीले मराठी येत नाही, त्यानंही पाहिलं. बाबा हळूच म्हणाले, "हव. पावसाळ्यापासून." आणि रडले, आई. आपले बाबा! म्हणाले, "मले वाटलं, मीही तुह्या मायसारखाच जातो."

मी म्हटलं, नाही जात. आपल्याकडं किती लोकाइले होते हे! याचं ऑपरेशन होते, माणूस चांगला होऊन घरी येते. पण डॉक्टरले दाखवा लागते.

"डॉक्टरीणबाई असली तं?"

"असू द्या."

"मंग बोकड सोबत घेऊ का?"

नाही, आई, मी हसलो नाही. फोन ठेवल्यावर मात्र टाइलच्या ढिगावर बसून इतका हसलो, का डोळ्यातून पाणी येऊन राहिलं ते हसण्याचं का दुसरं, तेच कळेना.

आता मी खरे शब्द लिहायची सवय करून राहिलो. पयला तुहाच लिहितो. आई, तुह्या स्तनात गाठ होती. डाव्या स्तनात. काखेत नव्हती. पाह्य, लिहिला, आणि काहीच वाईट नाही वाटलं. इतका साधा शब्द. हा आपल्या घरात असता तर मी आज ही चिठ्ठी कायले लिहिली असती?

शनिवारच्या गाडीनं येऊन राहिलो. बाबाइले घेऊन भंडाऱ्याले जातो. डॉक्टरनं विचारलं का ते छताकडं पाहतील. पाहू दे. त्याइच्या बदली मी बोलीन, नाव घेऊन, सगळ्याइले ऐकू जाईल असं. बाबाइले इतक्या लवकर तुह्याकडं येऊ देणार नाही, हे तुले कबूल करतो. तुले करमत नसलं तरी.

तुहा, एका जागी न टिकणारा,
प्रमोद