हिरामावशीच्या होडीची रेष

मंगळवार, दिवेलागणीला. डिलाईल रोड.

हिरामावशीच्या मनगटावर मी काढलेला होडीचा टॅटू डोक्यातून जात नाही. वळणावर रेष थरथरली. वरळी कोळीवाड्यातून हौसेने आली होती, "चांगली झाली गो" म्हणून गेली. तेच जास्त लागलं. थरथरलं कोण? मी की जुनी मशीन?

नवी रोटरी मशीन घ्यायचीच. दुकानदाराने दोन ट्रायलला दिल्यात, एक जड, एक हलकी. रेषेसाठी सगळे जड घेतात. पण नकली कातडीवर दोन्हींची रेष सरळच येते, मग निवडू कशी?

शेवटी बाबांच्या हातात दिल्या. गिरण्यांचा संप होईपर्यंत ते कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्या खडखडाटाने कान गेले, पण साचा बिघडला की त्यांच्या तळव्याला कळायचं. जड मशीन धरून खूश झाले. "ही जोरात चालता!" हलकी धरली आणि माझ्यावरच खेकसले, "गो, ही बंद आसा. आधी चालू कर!"

सुई तर सपासप चालत होती, फक्त थरथर नव्हती.

ठरलं, हीच घेणार. मावशीच्या मनगटावरची जखम भरून आली की त्याच वळणावर पुन्हा रेष ओढणार. आणि आता थरथरली, तर मशीनवर ढकलता येणार नाही.