भरायची राहिलेली मान

मी, खाली सही करणारी, विणलेली खेळणी करून पोट भरणारी बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुढचं वाचून शंका आलीच, तर तो पुन्हा पाहावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीच्या मुलीला. माझे दीर मध्ये तोंड घालतील. त्यांनी घालू नये. जन्मभर दुसऱ्याच्याच ताटात बघत आले आहेत.

२. क्रोशाच्या सुया, लोकर आणि कापसाची पोती समोरच्या शिंपीणबाईंना. डोळे बसवल्याशिवाय डोकं बंद करू नये. मानेत कापूस भरताना हात आखडू नये, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून दाबून कोंबावा. मान पोकळ राहिली की डोकं लोंबतं. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, तुमच्या बाहुल्या भारीच ताठ्यात असतात हो!" मी हसण्यावारी न्यायची. माझ्या मुलीला मान धरता येत नव्हती, हे दुकानात कोणाला सांगणार?

३. ती चार वर्षांची होऊन गेली. त्या दुपारी माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सुटली बिचारी. तूही सुटलीस." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. ते शब्द मी माफ केलेले नाहीत, आणि मरताना खोटं कशाला लिहू?

४. कपाटाच्या वरच्या खणात मुलीसाठी विणलेली बाहुली आहे. धड आणि हातपाय भरून जोडलेले, डोकं सुटं. मान भरायला बसणार, तोच ती गेली. डोकं मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. कपाट उघडलं की ते खोलीकडे बघत असतं. किल्ली माझ्याजवळच असते. घरंगळत असेल, म्हणून दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावून पाहिल्या. तरी वळतंच. भीती वाटते, नाही असं नाही. पण एखाद्या दिवशी ते वळलेलं नसेल, याची जास्त वाटते.

५. ही बाहुली पुरी करण्याचा हक्क मी थोरल्या जाऊबाईंना देते. भाचीने यावरून वाद घालू नये. जोड दिसणार नाही असं शिवणारा दुसरा हात मला माहीत नाही. शिवाय मी कामाला बाहेर पडले की मुलीची मान हातावर तोलून त्याच बसायच्या. ते वजन आम्हा दोघींनाच ठाऊक आहे.

६. जाऊबाई, मानेत कापूस घालू नका. चिमूटभरही नको. डोकं नुसतं जोडा आणि कलंडू द्या, तिचं कलंडायचं तसं. मग मला नेण्याआधी बाहुली माझ्या कुशीत ठेवा आणि माझा हात तिच्या मानेखाली सरकवा. मी धरीन.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च, रविवार

(सही) लिहून देणार

साक्षीदार :
(सही) खालच्या मजल्यावरचे घड्याळजी
(सही) रोज इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाई