मागच्या सीटचा ठराव

मृत्युपत्र

मी, कॅप्टन (निवृत्त) सुग्रीव आश्रुबा ओव्हाळ, वय सत्तर, धर्म बौद्ध, मूळ गाव दिंद्रुड, ता. माजलगाव, हल्ली राहणार बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बुद्धीने आणि कोणी न सांगता लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती नसती तर मला झोप तरी लागली असती. फुप्फुसाचा आजार आहे आणि डॉक्टर आता पुढची तारीख देत नाहीत. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. माझ्या मागे हाच खरा धरावा.

कलम १. माझी पत्नी वच्छलाबाई सहा वर्षांपूर्वी वारली. आम्हाला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ ज्ञानोबा मे २०१३ मध्ये गेला. त्याच्या मागे त्याची पत्नी सिंधुबाई, राहणार दिंद्रुड, आणि एकुलती मुलगी मनकर्णा आहे. मनकर्णा आज एका विमान कंपनीत कॅप्टन आहे. माझे म्हणावे असे या दोघींखेरीज कोणी नाही.

दिंद्रुडात आजही बोलले जाते की मनकर्णा बापाच्या शेवटाला आली नाही, विमान उडवायला लागली आणि बाप विसरली. हे खोटे आहे. ती का येऊ शकली नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि अकरा वर्षे मी गप्प बसलो आहे. हा कागद मुख्यतः त्यासाठी आहे. मालमत्ता त्यामानाने थोडी, ती आधी उरकतो.

कलम २. मुंबईत वैमानिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत दुसऱ्या मजल्यावर माझी सदनिका आहे. ती विकावी. संस्थेच्या पद्धतीप्रमाणे आधी सभासदांना विचारावे लागेल, तसे विचारावे. मात्र चौथ्या मजल्यावर राहणारे आमच्या संघटनेचे माजी अध्यक्ष यांना ती देऊ नये, मग ते कितीही भाव देवोत. कारण कलम ५ मध्ये येईल. माझ्या आजारपणात त्यांनी दोनदा फळे पाठवली. फळे मी खाल्ली. अट कायम आहे. विक्रीतून माझ्या दवाखान्याचा खर्च भागवून उरेल ते सिंधुबाईंना द्यावे.

कलम ३. बँकेतील ठेवीही सिंधुबाईंना. बीडमधल्या एका पतसंस्थेची पावती कपाटात वरच्या कप्प्यात सापडेल. ती पतसंस्था बुडाली आहे. ती पावती कोणाच्या नावे करून त्याला हेलपाटे घालायला लावण्याची माझी इच्छा नाही.

कलम ४. गाडीचे जुने जू आणि माझ्या उड्डाणांच्या नोंदींची लॉगबुके, एवढीच अवजारे.

जू वडिलांचे. वडील आश्रुबा ऊसतोडीला जात. बहात्तरच्या दुष्काळात टोळ्यांनी ठरवले की सहकारी कारखाना तोडणीचा दर वाढवत नाही तोवर कोणी गाडी जुंपायची नाही. तीन आठवडे सगळे थांबले. आमच्या घरातली ज्वारी संपली आणि वडिलांनी जुन्या दराने जायचे कबूल केले. त्याच आठवड्यात बाकीच्यांचीही तडजोड झाली आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी रस्त्याला लागल्या. मांजरसुंब्याच्या घाटात रिवाज असा होता की वर पोचलेल्या गाडीची जोडी सोडून खाली आणायची आणि चार-चार बैलांनी एकेक गाडी वर काढायची. त्या दिवशी आम्हाला कोणी जोडी दिली नाही. आई दगडाबाई, मी आणि ज्ञानोबा यांनी सामान डोक्यावर वाहिले, तरी एका बैलाचा पाय मोडला.

मी अठरा वर्षांचा होतो. मी टोळीवर चिडलो नाही, वडिलांवर चिडलो. दर पाडणाऱ्याला कोण जोडी देईल, असे मी त्यांना तोंडावर म्हणालो. वडील म्हणाले, "त्यांचं बरुबर हाय. पर बैलानं काय दर पाडला व्हता?" मला ते उत्तर अडाण्याचे वाटले. पुढे शिष्यवृत्तीवर शिकलो, वैमानिक झालो, वैमानिकांच्या संघटनेचा चिटणीस झालो, तरी ते तसेच वाटत राहिले.

जू चुलतभाऊ बंकट याला द्यावे. त्याच्याकडे अजून बैल आहेत. लॉगबुके जाळावीत. त्यातले १७ मे २०१३ चे पान मी फाडून या कागदाला जोडले आहे.

कलम ५. विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांच्या मागे घडीची एक सीट असते. विमान भरलेले असले आणि दुसऱ्या वैमानिकाला घरी जायचे असले तर तो येऊन ती सीट मागायचा. कंपनी कोणतीही असो. आमच्यात तेव्हा तसा समझोता होता आणि शेवटचा शब्द कॅप्टनचा असे. कॅप्टनने हो म्हणायचे आणि कारण विचारायचे नाही, हा रिवाज. गणवेशात मी पहिल्यांदा घरी आलो तो याच सीटवर बसून, दुसऱ्या कंपनीच्या विमानातून. तो कॅप्टन मला ओळखतही नव्हता. त्याने उतरताना फक्त एवढे विचारले की घरी पाऊस आहे का.

पुढे पगार घसरू लागले. एक नवी कंपनी निघाली, तिने नवशिक्यांना निम्म्या पगारावर घेतले. आमची कंपनी त्यांच्याकडे बोट दाखवून आमचे भत्ते कापू लागली. संघटनेची सभा बोलावली गेली. विषय एकच: त्या कंपनीच्या वैमानिकांना मागची सीट द्यायची की नाही. एक तरुण सहवैमानिक म्हणाला की ही सीट कंपनीची नाही आणि संघटनेचीही नाही, ती या धंद्याची आहे. पगाराचे भांडण मालकाशी आहे, ते मालकाशी भांडा. एका जुन्या कॅप्टनने विचारले की आज सीट नाही म्हणताय, उद्या त्यांनी आकाशातून रेडिओवर पुढचे हवामान विचारले तर तेही सांगायचे नाही का? लोक हसले. मग मी उठलो. मी म्हणालो, "जो आपला पगार पाडतो तो आपल्या पाठीमागं बसून घरी जाणार नाही." बराच वेळ टाळ्या वाजल्या. ठराव माझ्याच अक्षरात लिहिला गेला. अध्यक्षांनी सही केली.

मनकर्णा त्याच कंपनीत होती. तिच्या प्रशिक्षणासाठी ज्ञानोबाने पाटाखालची जमीन विकली होती आणि ती विक म्हणून सांगणारा मीच होतो. लायसन्स हातात येऊन दोन वर्षे ती घरी बसली, कारण दुसरीकडे कुठेच भरती नव्हती. तिने मला विचारले होते, "काका, आणखी बसले तर हातातलं जाईल. घेऊ का ती नोकरी?" मी थांब म्हणालो. किती थांब, कशाच्या भरवशावर थांब, हे सांगितले नाही. मलाच माहीत नव्हते. तिने नोकरी घेतली. मी तिच्याशी बोलणे सोडले.

१७ मे २०१३, शुक्रवार. त्या वर्षी दुष्काळ होता. ज्ञानोबा गुरे घेऊन गावच्या सहकारी दूध संस्थेने चालवलेल्या चारा छावणीत राहत होता. दुपारी चाऱ्याचा भारा उचलताना तो कोसळला. त्याला औरंगाबादला नेले. मी सकाळपासून उड्डाणावर होतो, फोन बंद. दिल्लीत औरंगाबादच्या संध्याकाळच्या शेवटच्या, पूर्ण भरलेल्या विमानाची तयारी चालू असताना मनकर्णा माझ्यासमोर आली. अंगावर त्या कंपनीचा गणवेश.

"कॅप्टन, मागची सीट मिळेल का?"

मी म्हणालो, "संघटनेचा ठराव आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. "ठीक आहे, कॅप्टन," म्हणाली आणि वळली. तिने एकदाच विचारले. मी कारण विचारले नाही. सीट रिकामी आली.

तिने कारण का सांगितले नाही, हे मला सिंधुबाईंकडून कळले. दुपारी त्यांनी मनकर्णाला फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की दादांनाही कळवते. मनकर्णाने अडवले. ती म्हणाली, "काकांना लावू नको, आई. त्यांना आता विमान न्यायचंय. मी त्यांच्याच विमानात येते. उतरल्यावर मी सांगते." आमच्या धंद्यात दुसराही एक रिवाज आहे: उड्डाणाआधी वैमानिकाला घरची वाईट बातमी द्यायची नाही. तिने तो माझ्यासाठी आणि माझ्या मागे बसलेल्या सव्वाशे माणसांसाठी पाळला. बापाचा जीव जात असताना पाळला. तिचा हक्काचा रिवाज मी ठरावाखाली घातला.

उतरून फोन चालू केला, ज्ञानोबाचे कळले, तसाच दवाखान्यात गेलो. ज्ञानोबा शुद्धीवर होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"दादा, मनी कुठं हाय? तुज्याच इमानात आली आसंल की."

मी म्हणालो, "हो. खाली आहे. येतेच."

"आसू दी. घाई करू नको म्हणावं," तो म्हणाला. दारावरची नजर त्याने काढली नाही. पाऊण तासाने गेला.

यापुढचे लिहायला मला तीन दिवस लागले. भावकीने मला विचारले, मुलीसाठी थांबायचे का? वडीलधारा मी होतो. ती सकाळच्या विमानाने मुंबईमार्गे दुपारपर्यंत पोचणार हे मला माहीत होते. बर्फ मिळत होता. थांबा म्हणालो असतो तर सगळे थांबले असते. मी म्हणालो, सकाळी दहाला उरकू. उन्हाचे कारण दिले. खरे कारण असे की चितेसमोर तिला तोंड दाखवायची माझी तयारी नव्हती.

ती दोनला आली. अंगण टँकरच्या पाण्याने धुऊन झाले होते. बायका आपसांत बोलल्या, ते तिने ऐकले. एक म्हातारी तोंडावरच म्हणाली, "विमानवाली ना तू? मंग समद्यात उशिरा कावून आलीस?" मनकर्णा काही बोलली नाही. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मीही काही बोललो नाही.

आता ठरावाबद्दल. तो आठ महिने अमलात होता. नंतर मी एकेकाला विचारत गेलो. तो कोणीच पाळला नव्हता. अध्यक्षांनी स्वतः त्याच महिन्यात त्या कंपनीच्या एका मुलाला सीट दिली होती. मला म्हणाले, "अहो, पोरगं घरी चाललं होतं. असे ठराव वर दाखवायला असतात." त्या दिवाळीत कंपनीने आम्हा सगळ्यांचा पगार कापला. बंद खोलीत एकेकाला बोलावून सह्या घेतल्या. सही न करण्याची शपथ आम्ही आदल्या दिवशी घेतली होती. सही करणारा मी चौथा. अध्यक्ष पुढच्या वर्षी त्या नव्या कंपनीतच मोठ्या पदावर गेले. एवढ्या मोठ्या संघटनेची एकजूट प्रत्यक्षात एकदाच दिसली, एका संध्याकाळी, एका मुलीपुरती. ती दाखवणारा मी होतो.

कलम ६. कलम ५ दिंद्रुडच्या विहाराच्या आवारात, माझ्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. एक शब्द गाळू नये. वाचण्याचे काम माझे शेजारी, निवृत्त शिक्षक राधाकिशन यांनी करावे. तेच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक. माझ्याबद्दल चांगले बोलणाऱ्यांची भाषणे त्याआधी उरकून घ्यावीत.

कलम ७. बीडचे राहते घर आणि दिंद्रुडची दोन एकर जमीन मनकर्णाला.

दुरुस्ती. वरील मसुदा मी मनकर्णाला वाचायला बोलावले. ती १९ मे रोजी आली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच तिने सगळा कागद वाचला, पान उलटताना एकदाही वर पाहिले नाही. मग म्हणाली की घर नको, जमीन घेईन, तिथे बाबांना अग्नी दिलाय. त्याप्रमाणे कलम ७ बदलून घर विहारासमोरच्या अभ्यासिकेला देत आहे.

नंतर तिने कलम ५ मधल्या एका ओळीवर बोट ठेवले. "हे चुकलंय. मी एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विमानाच्या शिडीपाशी. तेव्हा 'काका' अशी हाक मारली होती मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, गणवेशात कॅप्टन म्हणायचं."

त्या शिडीपाशी मी उभा होतो, एवढे मला आठवते. विमानात इंधन भरत होते तेही आठवते. तिचा आवाज मला आठवत नाही. मी कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही. पण ती खोटे बोलत नाही. म्हणून "तिने एकदाच विचारले" हे वाक्य रद्द समजावे आणि त्या जागी तिने सांगितलेले वाचावे.

जाताना तिने विचारले की कलम ६ तुम्ही गेल्यावर कशाला? दिंद्रुड बीडहून दीड तास आहे, गाडी खाली उभी आहे, आई घरी आहे, विहार उघडा आहे. "तुम्ही असताना वाचा. तुमच्या तोंडानं," म्हणाली. मी दम लागतो म्हणालो. ती म्हणाली, मी धरते तुम्हाला. मी पुन्हा दम लागतो म्हणालो. तिने कागद टेबलावर ठेवला, त्यावर माझा चष्मा ठेवला आणि ती गेली.

दम मला त्या वेळी लागत नव्हता. हेही राधाकिशन यांनी वाचावे.

कलम ६ बदललेले नाही.

येणेप्रमाणे दुरुस्तीसह सर्व मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. प्रत्येक पानावर माझी सही आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. त्यांना यातून काहीही मिळत नाही.

ठिकाण: बीड
दिनांक: २१ मे २०२४

(सही) सुग्रीव आश्रुबा ओव्हाळ

साक्षीदार
१. (सही) शहादेव तुकाराम जोगदंड, राहणार लिंबागणेश
२. (सही) डॉ. भारत किसनराव शिरसट, राहणार बीड. मी सही करणाऱ्याला तपासले. तो शुद्धीवर आहे व त्याला सर्व समजते.