मागचे दोन स्पीकर

४ मार्च

पुन्हा दोनच! आवाजाचे सहा चॅनल टाइमलाइनवर मांडले, एक्सपोर्ट केलं, फाइल उघडली तर डावा आणि उजवा, बस्स. बाकीचे चार कुठे गेले ते मशीनलाच ठाऊक. कंपनीच्या नव्या सभागृहात समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि खर्जाच्या दणक्याला एक वेगळा. "बघणाऱ्याला आपण कारखान्यात उभे आहोत असं वाटलं पाहिजे," म्हणे. यांच्याच कारखान्यातल्या स्फोटात माणसं गेली, त्यांच्या आठवणीची ही फिल्म — आणि यांना वातावरण हवंय. वीट आलाय.

५ मार्च

सापडलं. सुरुवातीलाच मुख्य ट्रॅक सहा चॅनलचा करायला हवा होता. मी स्टिरिओ, म्हणजे दोनचाच, ठेवला. आता सगळे आवाज पुन्हा एकेक करून जागेवर बसवा. मामा म्हणाला, "घाई केलीस." स्टुडिओ त्याचा, कामही त्यानंच शिकवलं. पुन्हा कामाला लागले.

७ मार्च

कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी आला होता. आम्ही दोघं त्याला अत्तर म्हणतो — तो गेला तरी बराच वेळ खोलीतून जात नाही. आज खिडक्या उघडूनही डोकं उठलं.

त्याला फिल्ममधल्या एका मावशींची मुलाखत दाखवली. थोरला मुलगा त्या स्फोटात गेला त्यांचा. एका जागी त्या म्हणतात, "व्हॉल्व्ह गळतोय म्हणून माझा पोरगा महिनाभर सांगत होता. कुणी बघायलासुद्धा आलं नाही." रडत नाहीत. सांगतात, एवढंच.

अत्तर मान डोलावत राहिला. "फार आतून बोलल्यात हो. मॅडम, हे वाक्य मागच्या स्पीकरमधून येऊ द्या. पडद्यावर नुसता कारखाना. कानामागून कुणी बोलतंय असं वाटेल."

तो गेल्यावर मामा म्हणाला, "काढा तर म्हणत नाही ना? मग झालं."

टाकलं मागे. ऐकताना अंगावर काटा आला. छान जमलंय असंही वाटलं. त्या वाटण्याचीच आता शिसारी येतेय.

९ मार्च

सहा चॅनल नीट बाहेर पडले. जरा हुश्श करते तोच अत्तरचा निरोप — सभागृहात एकदाच दाखवणार, बाकी टीव्ही, मोबाइल, सगळीकडे दोन चॅनलची प्रत जाईल. सोबत सेटिंगही त्यांचीच.

तसं केलं. ऐकलं. कारखाना दिसतो, यंत्रं घरघरतात, मावशी नाहीतच. सहाचे दोन करताना मागचे दोन मिसळायचेच नाहीत, अशी ती सेटिंग. वाक्य कापलंय असं कुणी म्हणूच शकणार नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मामाकडे धावले. त्यानं हेडफोनसुद्धा हातात घेतला नाही.

"मला कळलं होतं त्याच दिवशी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू केलं नसतंस."

अत्तरची किळस येते ते ठीक. मामाची यावी?

१० मार्च

चहाचा कप मामानं टेबलावर आणून ठेवला. तसाच गार होऊ दिला.

११ मार्च

शेवटी तोंड उघडलं. "मावशी समोर येणार. नाहीतर मी निघाले." मामा चष्मा पुसत बसला. पुसून झाला तरी पुसतच होता. मग म्हणाला, "आण समोर. अत्तरचं मी बघतो. यापुढे त्यांचं काम येणार नाही, एवढं लक्षात ठेव."

वाक्य मधल्या स्पीकरमध्ये आणलं. पडद्यावर त्यांचा चेहरा परत ठेवला. दोन्ही प्रती काढल्या, दोन्हीत मावशी खणखणीत ऐकू येतात. मामानं सगळं ऐकलं, हेडफोन काढला. डोळे भरले होते त्याचे. माझा राग निम्मा तिथेच गेला.

पाठवण्याआधी मावशींच्या कानावर घालायला हवं. त्यांना बरं वाटेल.

१२ मार्च

फोन केला. तुमचं बोलणं अगदी समोर आणलंय, म्हटलं. पलीकडून हळूच — "काढून टाक गं पोरी ते. धाकट्याला कामावर घेतलंय कंपनीनं. थोरल्याच्याच जागेवर."